नाशिकमधल्या घरच्या गॅरेजला ग्रिड सीलिंग: स्वतः बसवायचं असेल तर

आमच्या इंदिरानगरच्या रो-हाउसच्या गॅरेजला मी ग्रिड सीलिंग, म्हणजे धातूच्या पट्ट्यांच्या टांगलेल्या चौकटीत टाइल ठेवायचं सीलिंग, लावायला घेतलं, तेव्हा जमिनीपासून आठ फूट मोजून चारही भिंतींवर खुणा केल्या. खुणा जोडल्या आणि दुपारपर्यंत तीन भिंतींना अँगल, म्हणजे ग्रिडची कड टेकते ती एल आकाराची पट्टी, ठोकूनही झाला. चहा घेऊन आलेली बायको शटरपाशी थांबली आणि म्हणाली, "अहो, हे पुढे उतरतंय का?" उतरत होतंच. गाडी धुतलेलं पाणी बाहेर जावं म्हणून गॅरेजच्या फरशीला शटरकडे उतार असतो. मी मोजलं फरशीपासून, म्हणून सीलिंगही फरशीबरोबर खाली निघालं. साडेपाच मीटरमध्ये दोन इंच. अँगल काढला, पण भिंतीतली भोकं अजून आहेत.

म्हणून पहिली गोष्ट हीच सांगतो. हे काम दोन दिवसांचं आहे आणि त्यातला पहिला दिवस नुसता मापाचा. टाइल तर शेवटच्या तीन-चार तासांत बसतात.

ग्रिडच का?

घरात बसतं तसं जिप्समचं सलग सीलिंग गॅरेजलाही शोभून दिसेल. पण गॅरेजच्या छताखाली काय काय असतं ते आठवा: बाथरूमची ड्रेनेज लाइन, टाकीतून येणारी पाण्याची पाइप, इन्व्हर्टरची वायर, कॅमेऱ्याची केबल. यातल्या कशालाही हात लावायची वेळ आली की सलग सीलिंग फोडावं लागतं. ग्रिडची एक टाइल वर उचलली, सरकवली, की डोकं आत घालता येतं. गॅरेजसाठी मी दुसरं काही सुचवणारच नाही.

दुकानात मागताना 'आर्मस्ट्राँग' म्हटलं तरी चालतं. ते एका कंपनीचं नाव, पण आपल्याकडे दोन बाय दोनच्या चौकटीतल्या कुठल्याही सीलिंगला कारागीर तेच म्हणतात. माल कुठल्या कंपनीचा आहे हे मात्र वेगळं विचारा.

आधी एक पावसाळा वर बघा

गळकं छत सीलिंगने झाकलं म्हणजे गळती थांबत नाही, फक्त उशिरा कळते. आणि कळते तेव्हा टाइल फुगून बॉनेटवर पडलेली असते. त्यामुळे काम दिवाळीच्या आसपास घ्या. जून ते सप्टेंबर छताकडे लक्ष ठेवा. ओल दिसली तर त्या डागाभोवती पेन्सिलीने रेघ मारून तारीख टाका. पुढच्या सरीनंतर डाग रेघेबाहेर गेला तर आधी गच्चीचा कोबा, मग सीलिंग. बाथरूम वर असेल तर डाग पावसाशिवायही वाढेल. ते काम प्लंबरचं.

स्लॅब नसून पत्र्याची शेड असेल तर प्रकरण वेगळं. मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा पत्रा तव्यासारखा तापतो. उलट डिसेंबर-जानेवारीत नाशिकची थंडी जोरात असते तेव्हा पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला घाम धरतो आणि थेंब पडतात. गळती नसतानाही टाइलवर डाग येतात ते यामुळे. तिथे पत्र्याखाली आधी इन्सुलेशन लावून घ्या, आणि सीलिंगच्या वरची गरम हवा बाहेर पडायला समोरासमोर दोन जाळ्या ठेवा. जाळी बारीक घ्या, नाहीतर उंदीर आणि चिमण्या बिनभाड्याने राहायला येतात.

जुना सिमेंटचा पत्रा असेल तर त्याला भोकं पाडू नका, घासू नका, कापू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते आणि ती धूळ फुफ्फुसात जाऊन बसते. लोखंडी पत्र्यालाही भोक नकोच, कारण तेच उद्या गळेल. दोन्ही ठिकाणी आधार घ्यायचा तो पर्लिनचा, म्हणजे पत्रा ज्यांवर टेकतो त्या आडव्या दांड्यांचा, तोही क्लॅम्प लावून.

उंची ठरवताना डिक्की उघडा

गाडी आत घ्या, डिक्की पूर्ण वर करा आणि तिच्या सर्वात उंच टोकाचं माप घ्या. त्यावर वीतभर जागा सोडा. सीलिंग त्याच्या खाली येता कामा नये. कॅरियर असेल तर तोही धरा. आता वरून मोजा: टाइल तिरकी करून आत घालायला स्लॅब आणि ग्रिड यांच्यात किमान सहा इंच हवेत, चारमध्येही होतं पण बोटं सोलतात. आडवा बीम किंवा ड्रेनेजची पाइप असेल तर सहा इंच तिच्याखाली मोजायचे. ही दोन्ही मापं एकमेकांना छेदत असतील तर सीलिंगचा नाद सोडा. स्लॅबला पांढरा रंग आणि दोन ट्यूबलाइट लावा, पैसेही वाचतील.

रोलिंग शटर हा गॅरेजचा खास अडथळा. शटर गुंडाळलं जातं तो ड्रम आतल्या बाजूला असेल तर सीलिंग त्याच्या अलीकडेच थांबवायचं. ड्रमच्या पेटीला किंवा गाइडला अँगल लावू नका. शटर रोज दोनदा धडधडतं, महिन्याभरात स्क्रू सैल होतात. ड्रमच्या अलीकडे गॅल्वनाइज्ड चॅनेलची वेगळी आडवी चौकट स्लॅबवरून टांगायची आणि अँगल तिला लावायचा. ड्रमपुढची जागा उघडीच राहू द्या, स्प्रिंग तुटली तर मेकॅनिकला हात घालायला लागते.

कुठली टाइल?

ऑफिसात दिसते ती मिनरल फायबरची टाइल हलकी, चाकूने कापता येणारी, आवाज शोषणारी. पण दमट हवेत ती मधे झोळ खाते. बंद स्लॅबच्या कोरड्या गॅरेजात चालेल, तीसुद्धा दमटपणा सहन करणारी मागूनच घ्या. पीव्हीसीचा थर दिलेली जिप्समची टाइल पुसता येते, गाडीचा धूर बसतो तिथे हे उपयोगाचं. पण ती जड असते आणि कापलेल्या कडेतून पाणी पिते. कॅल्शियम सिलिकेटची टाइल ओलीला सर्वात दाद न देणारी आणि न जळणारी. माझ्या गॅरेजात शेवटी तीच आहे. कापायला मेहनत पडते, एवढीच तक्रार.

थर्माकोलची टाइल कुणी स्वस्त म्हणून दाखवली तर हात जोडा. खाली पेट्रोलची टाकी उभी असते.

कागदावरची चौकट

बाजारातलं ग्रिड ६०० मिमीचं आणि टाइल ५९५ मिमीची असते. 'दोन बाय दोन' हे बोलायचं नाव. दोन फूट म्हणजे जवळपास ६१० मिमी, त्यामुळे फुटाच्या टेपने मांडणी केली तर नऊ टाइलमध्ये नऊ सेंटिमीटर चुकतात. आजपासून मिलिमीटर.

समजा गॅरेज आतून ५५०० बाय ३२०० मिमी आहे, म्हणजे साधारण १९० चौरस फूट. एका भिंतीपासून पूर्ण टाइल लावत गेलात तर समोरच्या भिंतीला १०० मिमीची चिंधी उरते. ती वाईट दिसते आणि नीट टेकतही नाही. म्हणून उरलेल्या मापात एक पूर्ण टाइल मिळवायची आणि दोन्ही टोकांना निम्मी-निम्मी वाटायची. लांबीत उरले १००, अधिक ६००, भागिले दोन: ३५०. मधे आठ पूर्ण टाइल आणि दोन्ही टोकांना ३५० ची पट्टी. रुंदीत उरले २००, अधिक ६००, भागिले दोन: ४००. मधे चार पूर्ण, दोन्ही बाजूंना ४००. एकूण चौकोन दहा गुणिले सहा, म्हणजे ६०.

मेन टी म्हणजे मुख्य पट्टी. त्या लांबीच्या दिशेने, एकमेकींपासून १२०० मिमीवर: एका भिंतीपासून ४००, १६०० आणि २८०० वर, अशा तीन. त्यांच्यामध्ये आडव्या १२०० च्या क्रॉस टी, दर ६०० मिमीला. मग त्या १२०० च्या मध्यावर ६०० च्या क्रॉस टी, की झाले चौकोन.

या मापाला सामान असं लागतं: ३६०० मिमीच्या मेन टी सहा (५५०० साठी एक पूर्ण आणि दुसरीचा तुकडा, उरलेला भाग पुढच्या रांगेला पुरत नाही), १२०० च्या क्रॉस टी अठरा, ६०० च्या अडतीस, ३००० चा वॉल अँगल सहा पुरतो पण सात घ्या, टांगणीचे पंधरा संच. टाइल पासष्ट. चार जागी लाइट पॅनेल बसणार असले तरी पासष्टच, जास्तीच्या नऊमधल्या दोन तुम्ही कापताना मोडणार आहात आणि बाकीच्या पुढे कामाला येतील. त्याच रंगछटेची टाइल दोन वर्षांनी मिळेलच असं नाही.

मेन टी बारा फुटी असते. रिक्षात बसत नाही, दुचाकीवर तर न्यायचीच नाही, वाकली की कायमची वाकली. छोटा हत्ती सांगा. आणि २०२७ च्या सिंहस्थामुळे शहरभर कामं निघाली आहेत, त्यामुळे मदतीला कारागीर लागणार असेल तर त्याला आधी गाठा, सामान नंतर आणा.

लेव्हल

लेझर लेव्हल मिळाली तर उत्तम, भाड्यानेही मिळते. नसेल तर पाण्याची नळी. दहा मीटर पारदर्शक नळी घ्या, एका टोकाने हळूहळू पाणी भरा, मधे एकही बुडबुडा नको. एक टोक पहिल्या खुणेशी धरायचं, दुसरं टोक दुसऱ्या कोपऱ्यात. पाणी थांबलं की तिथे खूण. सगळे कोपरे करून पुन्हा पहिल्या कोपऱ्यात या. खूण खुणेवर आली नाही तर कुठेतरी बुडबुडा आहे.

पहिली खूण सर्वात अडचणीच्या जागी करा, म्हणजे बीमखाली किंवा शटरजवळ. फरशीकडे बघायचंच नाही. खुणा झाल्या की रंगाची दोरी ताणून भिंतीवर झटका मारा.

अँगल या रेघेवर, खालची कड रेघेला लावून. दर ४०० ते ४५० मिमीला ड्रिल, गट्टी, स्क्रू. भिंत लाटेसारखी असेल तर अँगल स्क्रूने दाबून तिच्याबरोबर वाकवू नका. सरळ ठेवा आणि मागची फट पुट्टीने भरा.

टांगणी

स्लॅबला भोकं पाडण्यापूर्वी लाइटच्या बॉक्समधून कुठल्या दिशेने पाइप गेलेत ते इलेक्ट्रिशियनकडून खडूने आखून घ्या. त्या पट्ट्यात ड्रिल नको. मेन स्विच बंद, ड्रिलला बाहेरून वायर. डोळ्यांवर चष्मा, तोंडावर मास्क. प्लॅस्टिकचा चेंडू अर्धा कापून ड्रिल बिटवर चढवला की धूळ त्यात पडते.

वर भिंतीतली प्लॅस्टिकची गट्टी वापरू नका. भिंतीत स्क्रूवर आडवा भार असतो, छतात सरळ खाली ओढ असते आणि गट्टी हळूहळू बाहेर येते. लोखंडी अँकर फास्टनर, त्याला एल आकाराचं क्लीट, क्लीटला सळई आणि सळईला वर-खाली करता येणारी स्प्रिंगची क्लिप. ड्रिल लोखंडाला लागलं तर जोर लावू नका, दोन इंच सरका.

दर मेन टीला पाच टांगण्या: भिंतीपासून ३५० वर पहिली, मग दर १२०० ला. सळई ओळंब्यात हवी. मधे पाइप आली म्हणून तिरकी बांधली तर ती ग्रिडला बाजूला ओढत राहते. पाइपच्या दोन्ही बाजूंना दोन सळया सोडा, खाली आडवा चॅनेल बांधा आणि त्यावरून टांगा. पाइपलाच टांगणारे महाभाग मी पाहिले आहेत.

ग्रिड जुळवणं

मेन टीला ठराविक अंतरावर खाचा असतात, क्रॉस टी त्यांत अडकतात. पहिली आडवी ओळ भिंतीपासून ३५० वर हवी आहे, म्हणून एक खाच बरोबर ३५० वर येईल असं टोक कापायचं. तिन्ही मेन टी एकाच बाजूने, एकाच मापाने कापा. एकीचं दुसऱ्या टोकाने कापलंत तर खाचा समोरासमोर येणार नाहीत आणि क्रॉस टी तिरक्या बसतील. नवख्यांची सगळ्यात जास्त पट्टी इथेच वाया जाते. पत्रा कापायच्या कात्रीने आधी उभी कड कापा, मग आडवी.

लांबीच्या दिशेला ताणलेली दोरी, त्या दोरीने पहिली मेन टी. दुसरी टांगली की १२०० च्या दोन क्रॉस टी मधे घालून गुण्या, म्हणजे काटकोन, तपासा: त्या १२०० बाय ६०० च्या चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे हवेत, साधारण १३४२ मिमी. फरक दिसला तर दुसरी मेन टी पुढे-मागे सरकवा. भिंतीवर विश्वास ठेवू नका, आपल्याकडे काटकोनातली भिंत मिळणं म्हणजे नशीब. कर्ण जुळले की पुढचं सगळं आपोआप बसत जातं. क्रॉस टीचं टोक खाचेत गेल्यावर 'टक' असा आवाज येतो. आला नाही तर बसलेली नाही.

कडेच्या तुकड्यांची मापं एकेक घ्या. पहिला ४०० चा निघाला म्हणून अठराही ४०० चे कापायचे नाहीत. तिसऱ्या-चौथ्यालाच भिंत पाच मिमी हलते.

सगळं झाल्यावर खाली उभं राहून एक डोळा मिटून ग्रिडच्या रेषेत बघा. कुठे पोट दिसलं तर तिथल्या क्लिपने उचला.

टाइलच्या आधी वीज

वायर टाइलवर मोकळी टाकू नका. पाइपमधून न्या, जोड बॉक्समध्ये घ्या, हे काम लायसन असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच. दोन बाय दोनचं एलईडी पॅनेल ग्रिडमध्ये बसतं, तरी त्याला स्लॅबपासून स्वतःच्या दोन तारा हव्यात. पंखा असेल तर तो स्लॅबच्या हुकालाच. ग्रिडने टाइलशिवाय काहीही उचलायचं नाही, सायकल तर नाहीच.

गाडी सीएनजीवर असेल तर हे नीट वाचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती खाली बसते. सीएनजी हलका, तो वर चढतो आणि टाइलच्या फटींतून सीलिंगवर जाऊन साचू शकतो. म्हणून भिंतीत खालीही जाळी हवी, सीलिंगच्या लगत खालीही आणि सीलिंगच्या वरच्या पोकळीलाही बाहेर उघडणारी जाळी हवी. सगळं हवाबंद करून सुंदर दिसणारं गॅरेज सीएनजीसाठी नको.

द्राक्षबागायतदारांच्या घरी गॅरेजात गंधकाची पोती, फवारणीची औषधं ठेवलेली असतात. तिथे ग्रिडला कापलेल्या टोकांपासून गंज लवकर धरतो. कापलेल्या प्रत्येक टोकाला झिंकचा हात मारा, आणि जमलं तर पोती दुसरीकडे हलवा.

टाइल

हात धुऊन, स्वच्छ हातमोजे घालून. आधी मधल्या पूर्ण टाइल, त्यांच्या वजनाने ग्रिड स्थिर होतो. तिरकी करून चौकोनातून वर घालायची, आडवी करायची, सोडायची. मग कडेच्या. भिंतीपासून ग्रिडपर्यंतचं माप प्रत्येक टाइलला दोन टोकांना घ्या, कारण पट्टी बहुधा निमुळती असते. मिनरल फायबर समोरच्या बाजूने चाकूने कापा. कॅल्शियम सिलिकेटला चार-पाचदा चाकूची खोल रेघ मारून टेबलाच्या कडेवर मोडा किंवा बारीक दातांच्या करवतीने कापा, उघड्यावर आणि मास्क लावून.

आणि घराच्या सीलिंगला न लागणारी एक गोष्ट. वळवाच्या वाऱ्यात शटर उघडं असलं की गॅरेजात शिरलेली हवा टाइल खालून उचलते. त्या फडफडतात, एखादी उलटीच पडते. शटरच्या जवळच्या दोन-तीन ओळींना वरून दाबणाऱ्या होल्ड-डाऊन क्लिप लावा. फक्त ज्या टाइलवर व्हॉल्व्ह, जॉइंट बॉक्स किंवा लाइटचा ड्रायव्हर (पॅनेलला वीज देणारा छोटा डबा) आहे तिला क्लिप नको. त्या टाइलच्या कोपऱ्यात, ग्रिडला टेकून, पेन्सिलीने बारीक खूण करा: पाण्याला एक टिंब, विजेला दोन. प्लंबर आला की सगळं छत उचकत बसत नाही.

उरलेल्या टाइल भिंतीला उभ्या टेकवून ठेवल्या तर वाकतात. सीलिंगवर ठेवल्या तर ग्रिड वाकतो. माळ्यावर सपाट ठेवा, खोक्यावर कंपनी, मॉडेल आणि खरेदीची तारीख लिहून.